निरंक

प्रति,
मा. व्यवसायकर अधिकारी, माझगाव.
विषय : आपली नोटीस, रुपये बारा हजार चारशे.

महोदय,
मी शर्वाणी चुरी, राहणार माहीम,
पूर्णवेळ विद्यार्थिनी...

इथंच थांबवलं पारकरांनी.
ऑफिसच्या कुंपणाला टेकलेलं त्यांचं टेबल,
वर निळी ताडपत्री, खाली टाइपरायटर,
विषयातला ‘ष’ अर्धाच उठवणारा.
“पूर्णवेळ म्हणजे? रात्रीसुद्धा?”

रात्रीसुद्धा, काका.
ओहोटी दोनला असली तर दोनला.
शिवडीच्या चिखलात गुडघाभर उभी राहून
मी निवट्यांची बिळं मोजते.
मीटरभर चौकट टाकायची, आतली बिळं मोजायची,
वहीत मांडायची, चौकट उचलायची, पुढं सरकायचं.
मासा असून चिखलावर चालतो तो,
त्याला कुठल्या रकान्यात घालायचं
यावरच दोन वर्षं चाललीत माझी.

“ठाऊक आहे. रव्यात घोळवून चांगला लागतो.
अर्जात नको.”

मग धंद्याचं सांगितलं.
बाबांच्या ऑपरेशनपायी कॉलेज सुटलं त्या वर्षी
मामेभाऊ निशांक माझं पॅनकार्ड घेऊन गेला
आणि संध्याकाळी मी प्रोप्रायटर झाले.
कापडी झोळ्या. विक्री एकूण अकरा,
बंद तुटले म्हणून परत आल्या तीन.
एक मीच वापरते. हे कागद तिच्यातच आहेत.
दुकान मिटलं, पण नंबर मिटवायचा असतो
हे आम्हाला कुणी बोललं नाही.
तो बिचारा एकटाच वाढत राहिला,
वर्षाला एका वर्षानं, व्याज खाऊन.

पारकरांनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवत,
चहा निम्मा माझ्यासाठी बशीत ओतत,
आणि टाइप केलं :
सदर व्यवसाय बंद आहे.

बाबांचं ऑपरेशन त्यात बसलं नाही.
निशांकही नाही.

“उत्पन्न?”
मी जरा थांबले.
रविवारी दोन मुलांना गणित शिकवते, काका.
महिन्याचे बाराशे. कधी हजार.
पारकरांनी चष्मा कपाळावर चढवला.
“नोटिशीत विचारलंय?”
नाही.
“मग मीही नाही विचारलं.”
आणि खटखट सहा फटक्यांत उमटलं
उत्पन्न : निरंक.

किती स्वच्छ शब्द.
पुसलेल्या पाटीसारखा.
मी त्याच्याखाली सही केली.

आत तिसऱ्या मजल्यावर खिडकीतल्या बाईंनी
बोनाफाईड उजेडात धरून पाहिलं,
शिक्का खरा आहे का ते,
मग स्वतःचा मारला. आवक.
निर्णय कधी?
“कळवू.”
लगेच भरा म्हणाल्या नाहीत,
माफ झालं असंही म्हणाल्या नाहीत.

ओहोटी चार वाजून दहा मिनिटांनी होती.
झोळी खांद्याला, बस शिवडीची,
बूट पिशवीत, चौकट काखेत.
पहिल्या चौकटीत सात.
दुसरीत चार.
तिसरीत काहीच नाही.
रिकामं सोडायचं नाही, सर ओरडतात,
नसलं तर नाही असं लिहा, तीही नोंदच.
मी लिहिलं : निरंक.
सकाळचा हात, तोच शब्द, तसाच सहज.

मग वाटलं, पाऊल वाजलं की आत जातात ते.
पेन दातांत धरून उभी राहिले.
दूर गोदीत कुणीतरी पत्रा कापत होतं.
पाच मिनिटं. सहा.
चिखलाला एक बुडबुडा आला,
आणि त्यातून दोन डोळे,
कपाळावर चष्मा चढवल्यासारखे.

निरंक खोडलं.
बाजूला एक लिहिला.
खाडाखोड दिसते आहे पानावर,
दिसू दे.